डावीकडचं रामफळ

अहो, तुमची औषधं माईंनी टाकून दिली, त्यांत माझंही औषध गेलं.

हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सुचणार नाही, म्हणून आधी तेच लिहिते. तुम्ही गेलात त्याच दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना, माईंनी तुमच्या उशाशी असायचा तो लाल झाकणाचा डबा उचलला. त्यात तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, तुमचा जुना चष्मा, कापसाची गुंडाळी आणि माझ्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. फ्रिजच्या दारात दुसरी, अजून न फोडलेली बाटली होती. तिच्यावरही मेडिकलवाल्याने तुमचंच नाव लिहिलेलं, कारण आणायला नेहमी तुम्हीच जायचात, म्हणून तीही गेली. गेलेल्या माणसाची औषधं घरात ठेवायची नाहीत, ही तुमच्या वाडीकडची रीत. थोरल्या बहिणीने धाकट्या भावासाठी ती रडत रडत पाळली. त्या डब्यात भावजयीचा उरलेला डोळा आहे, हे त्यांना कोण सांगणार होतं?

मी सांगायला हवं होतं म्हणाल, तर मी कुठे होते? हॉलमध्ये सतरंजीवर बायकांच्या मधे बसले होते. कोणी पाणी दिलं की पाणी प्यायचं, कोणी म्हटलं आडवी हो की आडवं व्हायचं. सगळं धूसर दिसत होतं, पण रडून रडून कोणाला धूसर दिसत नाही? दुखलं असतं तर आठवण झाली असती. हा काचबिंदू दुखतही नाही आणि लालही होत नाही. गुपचूप कुरतडत बसतो. तुम्हीच म्हणायचात ना, की हे दुखणं फार सभ्य आहे, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

तेरावं झालं, माणसं आपापल्या घरी गेली. पुण्याहून आलेला आपला अमोल तेवढा थांबला. त्या रात्री जेवणं आटोपली, टीव्हीवरच्या बातम्या संपल्या, आणि मी सवयीने आत जाऊन पलंगावर उताणी पडले. उशी काढून बाजूला ठेवली. हनुवटी वर केली. आणि वाट बघत राहिले. पंखा फिरत होता. बाहेर अमोल फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. तुम्ही का येत नाही, असं माझ्या मनात खरंच आलं, आणि मग जे कळलं ते अंत्ययात्रेच्या दिवशीही कळलं नव्हतं. मी पडल्या पडल्या हंबरडा फोडला. अमोल धावत आला. त्याला मी फक्त एवढंच सांगू शकले की माझे थेंब राहिले.

मग डबा शोधला. फ्रिज शोधला. शेवटी माईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मानसाबरोबर त्याची औषदं जायला पायजेत, म्हनून मीच टाकली गो. तुझी होती का त्यात?" माझ्याच्याने हो म्हणवेना. मीच त्यांची समजूत घालत बसले. तुम्ही असतात तर दोघींवर ओरडला असतात.

तुम्ही ओरडायचात ते फक्त डोळ्यांवरून. एरवी वसईच्या माणसासारखा शांत माणूस, दुसरा कोणी रांगेत पुढे घुसला तरी बाजूला होणारा. पण दिवाळीत कोणी पोर नुसत्या डोळ्यांनी फटाका लावायला वाकलं, की एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या अख्ख्या बिल्डिंगला तुमचा आवाज जायचा. तुमच्या वालीवच्या कारखान्यातले गॉगल तुम्ही पिशवीभर आणून ठेवले होते आणि फुलबाजीलासुद्धा ते लावायला लावायचात. शेजारच्या आजी डोळ्यांत मध घालत होत्या, तर त्यांची मधाची बाटली उचलून तुम्ही घरी आणलीत आणि सकाळी मला विचारता, पोळीबरोबर खाऊ का! मी तेव्हा खूप हसले होते. माझ्या साताऱ्याच्या माणसांना तुम्ही म्हणजे जरा वेडेच वाटायचात, आणि मलाही वाटायचात, खोटं कशाला सांगू.

त्या वेडेपणाने माझा एक डोळा वाचवला. सुरुवात झाली ती त्या रामफळापासून. वाडीत पूजेला गेलो होतो, जेवणानंतर पाय मोकळे करायला मागच्या दाराने निघालो, तुमच्या लाडक्या बावखलापर्यंत. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. मी त्याला डबकं म्हटलं की तुम्हाला राग यायचा, म्हणून मी मुद्दाम म्हणायची. काठाने चालता चालता मी सहज विचारलं, इथलं रामफळाचं झाड तोडलं वाटतं? तुम्ही थांबलात. माझ्याकडे बघितलंत, मग माझ्या डावीकडे बघितलंत. झाड माझ्या डाव्या खांद्याला लागून उभं होतं. मला वाटलं, गंमत करताय. मान वळवली तेव्हा दिसलं.

 घरी आल्यावर तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत. माझ्या डाव्या हाताशी ठेवलेला चहा सांडतो. दाराच्या डाव्या चौकटीला माझा दंड लागतो. डावीकडून रिक्षा आली की मी दचकते. मी आपली म्हणत होते, वय झालं, वेंधळेपणा वाढला. शेजारणी म्हणाल्या, मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढून टाकतील. माझे वडीलही असेच भिंतीला हात लावत लावत शेवटी आंधळे झाले, आणि आमच्याकडे त्याला म्हातारपण म्हणत. तुम्ही एकदाच म्हणालात, "तुझ्या वडिलांना कोणी दाखवलं नव्हतं. तुला मी दाखवणार." आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकलीत.

डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा झाकायला लावला आणि मी घाबरून तुमचा हात धरला. समोर किलकिल्या दारातून दिसावी तेवढीच खोली उरली होती. डावा डोळा बराचसा गेला होता आणि मला पत्ता नव्हता, कारण उजवा बिचारा दोघांचं काम ओढत होता. त्याचीही कड झिजायला लागली होती. गेलेलं परत येत नाही, बाई म्हणाल्या. ऑपरेशन करूनही नाही. उरलेलं मात्र राखता येतं, पण रोज थेंब घालायचे, एक दिवसही न चुकवता, जन्मभर. मी रडत होते. तुम्ही विचारत होतात की थेंब घातल्यावर डोळा किती वेळ मिटायचा.

तेव्हापासून माझे डोळे ही तुमची ड्यूटी झाली. घरातल्या सगळ्या डाव्या चौकटींवर तुम्ही लाल चिकटपट्टी मारलीत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, हा कुठला वास्तूचा उपाय? तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगितलंत, हो, याने बायकोच्या कपाळाला फार फायदा होतो. त्यांनीही मारल्या पट्ट्या. अजून आहेत त्यांच्याकडे. परवा भेटायला आल्या तेव्हा मला त्यांच्यासमोर हसू आलं आणि मग थांबेना, आणि त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं.

रस्त्यात तुम्ही माझ्या डावीकडून चालायला लागलात. कायम. मला न दिसणारी बाजू तुम्ही स्वतःकडे घेतलीत. त्यामुळे झालं असं, की बाजारात, देवळात, लग्नाकार्यात तुम्ही बरोबर असून मला दिसायचाच नाहीत. कोपराला तुमचा हात असायचा, तेवढ्यावरून तुम्ही आहात हे समजायचं. आता तो हात नाही. पण दिसत तर तुम्ही आधीही नव्हतात. म्हणून काय होतं, घरातून बाहेर पडले की तुम्ही नाही आहात हे माझ्या लक्षातच येत नाही. कोणाचा तरी धक्का लागतो तेव्हा येतं.

आणि ते थेंब. मला स्वतःला घालता येत नव्हते असं नाही, मी शिकले असते, पण तुम्ही शिकू दिलं नाहीत. तुझा नेम चुकतो म्हणायचात. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, तुमचा हात कधी हलला नाही. खालची पापणी जरा ओढून थेंब टाकायचा, मग डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यात राहतं. आणि तसंच गप्प पडून राहायचं. माझ्याने गप्प पडवत नाही हे तुम्हाला माहीत होतं. मी सारखी विचारायची, उघडू? उघडू? मग तुम्ही ती युक्ती काढलीत. "चला सातारकर, समुद्रावर जाऊन येऊ," म्हणालात, आणि मला तोंडी वाडीतून चालवायला लागलात.

मागचं दार. पायरी. तुळस. हौद. हौदाच्या बाजूने केळीत शिरायचं, पानं अंगाला लागतात, साडी सांभाळ. मग विहीर, विहिरीवरचा रहाट. मग बावखल. बावखलाच्या काठाने डावीकडे रामफळ. पुढे पानवेलीचा मांडव, कुंपण, सुरूची झाडं, वाळू. "समुद्र आला. उघड."

त्या विहिरीवर रहाट जाऊन मोटर बसली त्याला किती वर्षं झाली, आणि पानवेलीच्या जागी कोणाचा तरी बंगला आहे. तुमच्या वाटेवर मात्र सगळं जागच्या जागी. मी रोज रात्री त्या वाटेने गेले, पावसात, उन्हाळ्यात, तुम्हाला ताप असतानासुद्धा. भांडण व्हायचं ते एकाच ठिकाणी. मी म्हणायची, पूजेच्या दिवशी ते माझ्या डावीकडे निघालं खरं, पण पूर्वी रामफळ उजवीकडे होतं. नवी सून होते तेव्हा रोज त्या वाटेने जायची, मला चांगलं आठवतं. तुम्ही म्हणायचात, सातारला झाडं चालत असतील, आमच्याकडे नाही चालत. डोळे उघडल्यावर हे भांडण सकाळच्या चहापर्यंत पुरायचं. त्याचा निकाल लागायचा राहिला.

अजून एक राहिलंय. एकदा तुम्ही बावखलापाशीच थांबलात. पुढे चालेनात. मला वाटलं विसरलात. मग हळूच म्हणालात, "इथे बसून मी एकदा खूप रडलोय. वालीवला शेजारच्या मशीनवरच्या माणसाने घाम पुसायला गॉगल काढला. मी बघितलं. म्हटलं, लावेल आता. तेवढ्यात लोखंडाचा कीस उडून डोळ्यात घुसला. एक हाक मारायची होती फक्त." मी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणालात, बोलू नकोस, थेंब वाया जाईल. आणि मांडव, कुंपण, सुरू, वाळू असे भराभर चालत मला समुद्रावर पोचवलंत. डोळे उघडले तेव्हा तुम्ही टीव्हीचा रिमोट शोधत होतात.

इतकी वर्षं मी ज्या गॉगलना हसले, ते तिथून आले होते. मनातलं बोलायला तुम्हाला माझे डोळे मिटलेले लागायचे. आईंचं जाणं, वाडी सोडून फ्लॅटमध्ये आल्यावर महिनोन्महिने झोप न येणं, अमोल पुण्याला गेला त्या दिवशी टेरेसवर जाऊन बसणं, हे सगळं मला केळीत नाहीतर विहिरीपाशी समजलं. आणि प्रत्येक वेळी मला बोलायची बंदी. माझी सगळी उत्तरं तशीच राहिली. आता मी बोलते आणि तुम्ही गप्प पडा. त्या माणसाच्या डोळ्यात तुमचा काही दोष नव्हता. त्या वेळी कोणीही असाच थांबला असता. आणि तेव्हा न मारलेली हाक तुम्ही पुढे जन्मभर मारत राहिलात, फटाके उडवणाऱ्या पोरांना, मधवाल्या आजींना, आणि मला. हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, थेंब वाया गेला असता तरी चाललं असतं.

दहाव्याला आम्ही वाडीत गेलो. तुमच्या अस्थी तिथल्याच समुद्रात सोडायच्या, हे माईंनी ठरवलं आणि मला ते पटलं. मागच्या दाराने निघालो. अमोलने माझा हात धरला होता, पण उजव्या बाजूने. त्याला बिचाऱ्याला तुमची बाजू ठाऊक नव्हती. डावीकडे कोणी नव्हतं. केळीतून गेलो, विहिरीवरून गेलो, आणि बावखलाच्या काठाला माझा डावा खांदा कशावर तरी जोरात आपटला. रामफळ. साल खरखरीत लागली, ब्लाउजची बाही जरा फाटली. मी त्या झाडाला हात लावून उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, बरं बाबा, जिंकलात. बरोबरच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं.

अस्थी सोडल्या. पाणी ओहोटीचं होतं, फार आत जावं लागलं. अमोल भिजून परत आला. मग आम्ही त्याच वाटेने घरी निघालो. वाळू, सुरू, कुंपण, तो बंगला. आणि बावखलाशी आल्यावर बघते तर रामफळ उजवीकडे. अगदी समोर, मान न वळवता, उरलेल्या डोळ्याला स्वच्छ दिसणारं. वर दोन फळंही होती.

अहो, तुमचंही बरोबर होतं आणि माझंही. तुम्ही नेहमी घरातून समुद्राकडे निघायचात. मी नवी सून, जाताना धुण्याची बादली, घाईघाई, खाली मान. झाड बघायला सवड मिळायची ती काम आटोपून परत येताना. तुम्ही जाण्याची वाट सांगत होतात आणि मला येण्याची आठवत होती. एवढ्या साध्या गोष्टीवरून आपण इतकी वर्षं भांडलो, आणि मला हे कळलं तेव्हा सांगायला तुम्ही त्या वाटेवर माझ्या पुढे निघून गेला होतात.

डबा गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच अमोल मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. डोळ्याचं प्रेशर वाढलं होतं. बाईंनी आम्हाला काही बोल लावला नाही. आजपासून थेंब सुरू करा, महिन्याने कडेची नजर तपासू, तेव्हा कळेल किती राहिलंय, म्हणाल्या. मी विचारलं, रडल्याने वाढलं का? त्या म्हणाल्या, "नाही, रडण्याने काही होत नाही. हवं तेवढं रडा. फक्त थेंब घातल्यावर लगेच रडू नका, औषध वाहून जातं." हे मला बरं वाटलं. रडायचं ते थेंबाच्या आधी, असं मी ठरवून टाकलं आहे.

निघताना अमोल खुर्चीतून उठला आणि परत बसला. म्हणाला, माझेही डोळे बघा, आजोबांना होता, आईला आहे. तुम्ही किती वर्षं त्याच्या मागे लागला होतात, आणि तो किती वर्षं पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत करत होता! त्याचं सध्या ठीक आहे, दर वर्षी यायला सांगितलंय. घरी येताना रिक्षात तो माझ्या डावीकडे बसला. 

काल तो पुण्याला गेला. मला घेऊन जायचं म्हणत होता, मी म्हटलं महिन्याची तपासणी होऊ दे. खरं कारण वेगळं आहे. मला हे इथे, आपल्या पलंगावर, एकटीने एकदा करून बघायचं होतं.

रात्री आधी रडून घेतलं. चेहरा धुतला. बाटलीवर या वेळी माझं नाव आहे. उशी काढली, हनुवटी वर केली. पहिला थेंब गालावर गेला, दुसरा कानाकडे ओघळला. तुमचा आवाज ऐकू आला, नेम चुकतो म्हणून. तिसरा बरोबर पडला. मग दुसऱ्या डोळ्यातही घातला, त्या गेलेल्यातही, कारण त्यात जे किलकिलं उरलंय तेही तुम्ही राखून दिलेलं आहे. डोळे मिटले, कोपरे दाबून धरले. आणि अडले. मागचं दार, पायरी, तुळस, असं सुरू केलं तर शेवटी समुद्र येणार, आणि समुद्रावर मी तुम्हाला आत्ताच तर सोडून आले आहे. तिकडे मला रोज रोज जाववणार नाही.

म्हणून मी उलटी निघाले. वाळू. सुरूची झाडं. कुंपण. पानवेलीचा मांडव, मीही तो तिथेच ठेवला आहे. बावखल, आणि हो, बावखलच म्हटलं. उजवीकडे रामफळ. विहीर, रहाट. केळीची पानं, साडी सांभाळ. हौद. तुळस. पायरी.

घर आलं. उघडते.